‘चिकटवलं की झालं’ म्हणणाऱ्या वाचकाला

पॅडल शिफ्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या मागची बोटाने ओढून गिअर बदलायची पाती, बदलण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देतो. मी सोयीचं तेवढंच उचललं, असं नंतर कोणी म्हणायला नको. ‘पॅडल बदलून गाडी पळत नाही. जे काम दोन हजारांच्या चिकटवायच्या पॅडलने होतं, त्यासाठी स्टिअरिंग उघडायला सांगून तुम्ही पोरांना मूर्ख बनवताय. एअरबॅगला हात लावायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे, आणि वॉरंटी कोण देणार, तुम्ही? आधी टॉर्कचं एकक तरी नीट लिहायला शिका.’

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. पॅडलचा एम३, म्हणजे ३ मिलिमीटर जाडीचा, स्क्रू किती आवळायचा यासाठी मी ‘१ न्यूटन’ असं लिहिलं होतं, ते ‘१ न्यूटन-मीटर’ हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. हा आकडा धातूत आटे असतील तेव्हाचा आहे, हेही तिथे जोडलं. स्क्रू प्लॅस्टिकच्या आट्यांत बसत असेल तर निम्म्याच्या पुढे जाऊ नये, आणि बॅटरीवरचा स्क्रूड्रायव्हर तर अजिबात वापरू नये. चूक दाखवलीत, आभारी आहे. पण ‘लिहायला शिका’ म्हणायची गरज नव्हती. एका शब्दाची चूक दाखवायला एक ओळ पुरते. चूक दाखवणं आणि माणसाला खाली बसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्ही दुसरीच केलीत.

‘पोरांना मूर्ख बनवताय’ हे वाक्य मला जास्त लागलं. स्टिअरिंगवरच्या इलेक्ट्रिकल कामात माझी अकरा वर्षं गेली आहेत. मी पॅडल विकत नाही, कोणाकडून कमिशन घेत नाही, आणि त्या लेखात एकाही विक्रेत्याचं नाव नाही. फसवणुकीचा आरोप करायचा तर निदान कोणी, कशात आणि कोणाला फसवलं एवढं तरी सांगायला हवं होतं.

गाडी पळण्याबद्दल थोडक्यात. लेख बीएमडब्ल्यू एम२ कॉम्पिटिशनवर होता, म्हणजे २०१८ मध्ये भारतात आलेली, सात गिअरच्या डीसीटीची, म्हणजे दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची, एफ८७ पिढीची गाडी. त्या गाडीत गिअर किती झटक्यात पडतो हे ड्राइव्हलॉजिकच्या, म्हणजे गिअर बदलण्याची तीव्रता निवडायच्या सेटिंगच्या, तीन पातळ्या आणि गिअरबॉक्सचे दोन क्लच ठरवतात. पॅडल फक्त मागणी पाठवतं. बोट ओढलं, संपर्क जुळला, स्टिअरिंगमधल्या इलेक्ट्रॉनिक्सने तो खरा आहे याची खात्री केली, संदेश गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे गेला, त्याने इंजिनाचे फेरे तपासले आणि मग क्लचची अदलाबदल झाली. यातला फक्त पहिला तुकडा आपल्या हातात आहे. गिअर लवकर पडतो असं मी लिहिलंच नव्हतं. ओढ पुरी झाली की नाही हे बोटाला कळतं, असं लिहिलं होतं. तुम्ही लेख वाचलात की नुसता मथळा, असा प्रश्न मला इथे पडला.

आता ‘जे काम दोन हजारांच्या चिकटवायच्या पॅडलने होतं’ या वाक्याकडे येतो. हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, म्हणून त्याला पूर्ण उत्तर देतो.

चिकटवायचं पॅडल म्हणजे मूळ प्लॅस्टिकच्या पात्यावर बसवलेली जास्त लांबीची पट्टी. तिने पोहोच वाढते, हे खरं आहे. हात दहा-दोनच्या जागेवरून थोडा सरकला तरी बोटाला पातं सापडतं. पण लांबी वाढली की तरफही बदलते. समजा मूळ पॅडलवर बोट खुंटीपासून, म्हणजे पातं जिथे फिरतं त्या बिंदूपासून, ४० मिलिमीटरवर पडतं, आणि संपर्क जुळायला तिथे ३ मिलिमीटर ओढ आणि ५ न्यूटन जोर लागतो. पट्टीमुळे बोट ६५ मिलिमीटरवर गेलं की ओढ जवळपास ५ मिलिमीटर होते आणि जोर ३ न्यूटनच्या आसपास उतरतो. म्हणजे आधीच मऊ असलेला खटका आणखी मऊ आणि लांब झाला. गिअर पडायला हवा होता आणि पडला नाही, असं होतं ते बहुतेक वेळा इथेच. बोटाला वाटतं ओढलं, पण संपर्कापर्यंत पोहोचायला अर्धा मिलिमीटर राहिलेला असतो. पोहोच वाढवायला घेतलेल्या वस्तूने खात्री कमी केली, तर तेच काम झालं असं मी म्हणणार नाही.

वजनाचंही पाहा. १०० मिलिमीटर लांब, ३० रुंद आणि ३ जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी सुमारे २४ ग्रॅमची होते, आणि ते वजन मूळ पात्याच्या वर पडतं. मूळची परतीची स्प्रिंग हलक्या प्लॅस्टिकच्या पात्यासाठी बनवलेली असते. त्यामुळे पातं सोडल्यावर उशिरा परततं आणि खराब रस्त्यावर थरथरतं. पातंच बदललं तर मूळ प्लॅस्टिक निघून जातं. दोन मिलिमीटर जाडीचं तेवढंच कार्बनचं पातं दहा ग्रॅमच्या आत बसतं. शिवाय अ‍ॅल्युमिनियम उन्हात तापतं, आणि दुपारी उघड्यावर उभ्या केलेल्या गाडीत बोट लावताना कार्बन किती बरा, हे हात लावल्यावरच कळतं.

टेपबद्दल एक चुकीची समजूत आहे. पट्टी उन्हाने सुटते असं सगळे म्हणतात. चांगला व्हीएचबी टेप, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणारा जाड फोम टेप, उदाहरणार्थ ३एमचा ५९५२, सलग ९३ अंश सेल्सिअस सहन करतो, म्हणजे आपलं ऊन त्याला पुरून उरत नाही. पट्टी सुटते ती ओढीच्या दिशेमुळे आणि पृष्ठभाग नीट न पुसल्यामुळे. हा टेप सरक सोसण्यात भक्कम आहे, पण सोललं जाण्यात कच्चा आहे. पट्टी चालकाच्या बाजूने चिकटवली की प्रत्येक ओढीला बोट मागून तिला मूळ पात्यापासून दूर ढकलतं, आणि कड सोलली जाते. त्यात गाडी धुणाऱ्याने आतून सिलिकॉनचं पॉलिश मारलेलं असलं तर चिकटण्याआधीच काम बिघडलेलं असतं. मूळ पातं वक्र आणि पट्टी सपाट असेल तर १.१ मिलिमीटरचा टेप मधल्या भागात टेकतो आणि कडांना हवा राहते. कार वेगात असताना, वळणाच्या तोंडावर, खालचा गिअर मागताना पट्टी हातात आली तर तुमचे दोन हजार वाचले असं मानायचं का?

तरीही मी चिकटवायच्या पॅडलच्या विरोधात नाही. लेखातही नव्हतो. शहरात चालवणाऱ्याला ती पुरतात. ती नीट बसवायची तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन मूळ पातं दोनदा पुसावं, मधे बोट लावू नये, आणि सबंध पट्टीवर अंगठ्याने चांगला जोर द्यावा. वीस मिनिटांत निम्मी पकड येते, चोवीस तासांत नव्वद टक्के आणि पूर्ण ७२ तासांनी. लोक पट्टी चिकटवतात आणि तासाभरात गाडी काढतात. मग टेपला शिव्या देतात.

आणि चिकटवायच्या पट्टीने जे मुळीच होत नाही ते म्हणजे चुंबकाचा खटका. चुंबकी मॉड्यूलमध्ये, म्हणजे मूळ पॅडलच्या जागी बसणाऱ्या चुंबक आणि स्विचच्या संचात, सुरुवातीला जोर जास्त लागतो, चुंबक सुटला की तो एकदम कोसळतो. त्यामुळे अर्धवट ओढ राहतच नाही: एकतर पातं हलत नाही, नाहीतर पूर्ण जातं. पण याच ठिकाणी स्वस्त मॉड्यूल फसतात, आणि माझ्या लेखाचा निम्मा भाग याच्यावर होता, ज्याचा तुमच्या प्रतिक्रियेत उल्लेखही नाही. मायक्रोस्विच, म्हणजे गिअरची मागणी पाठवणारा छोटा स्विच, चुंबक सुटल्यानंतर जुळायला हवा. आधी जुळला तर गिअर पडल्यावर खटका येतो आणि हाताचा ताल चुकतो. पात्याचा शेवटचा धक्का रबराच्या ठोकळ्याने घ्यायचा असतो, स्विचच्या अंगाने नाही. स्विचवर बोटाचा पूर्ण जोर आला की काही महिन्यांत त्याची पाती वाकते. हे ०.१ मिलिमीटरच्या चकत्या घालून जुळवायचं काम आहे.

स्विचचे संपर्क कशाचे आहेत हेही विचारून घ्या. पॅडलच्या तारेतून काही मिलिअँपियरच जातात. चांदीचे संपर्क मोठ्या प्रवाहासाठी असतात, कारण तिथे ठिणगी वरची काळी फिल्म जाळून टाकते. इथे ठिणगी नसते, फिल्म साठते आणि गिअर कधी पडतो, कधी नाही. मुंबई आणि कोकणच्या दमट हवेत हे लवकर होतं. सोन्याचा मुलामा दिलेले संपर्क हवेत. मॉड्यूल गाडीला न जोडता मल्टिमीटर लावून पन्नास वेळा दाबा. जुळलेल्या अवस्थेत दर वेळी एक ओहमच्या आत वाचन आलं पाहिजे. काही गाड्यांत पॅडलच्या तारेत ठरावीक रोधक (रेझिस्टर) असतात. तिथे कोरा स्विच लावला तर गाडी दोष दाखवणारच, म्हणून आधी मूळ पॅडलचं वाचन लिहून ठेवा.

चुंबकाची श्रेणीही बघा. साधा निओडिमियम ८० अंशांपर्यंतच भरवशाचा, एच श्रेणीचा १२० पर्यंत. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे जातो, म्हणजे साध्या चुंबकाला फारशी सवड उरत नाही. एकदा ताकद गेली की ती थंड झाल्यावर परत येत नाही, आणि खटका कायमचा मऊ राहतो.

तुमच्या प्रतिक्रियेवर एकाने ‘सगळे श्रीमंतांचे चोचले’ असं जोडलं आहे. पॅडल फॉर्म्युला वनमध्ये आलं ते १९८९ मध्ये, जॉन बर्नार्ड यांनी रचलेल्या फेरारी ६४० वर, हात चाकावरून काढावा लागू नये म्हणून. ब्राझीलमध्ये झालेल्या त्या मोसमाच्या पहिल्याच शर्यतीत ती गाडी चालवणारे नायजेल मॅन्सेल जिंकले. त्याच शर्यतीत त्यांचं स्टिअरिंग व्हील सैल झालं आणि पिटमध्ये बदलावं लागलं. स्क्रूचा प्रश्न मी इतका का ताणतो, हे त्यावरून कळावं. पात्याच्या स्क्रूला जांभळा, कमी ताकदीचा लॉकटाइट २२२ (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचं द्रव) एक थेंब पुरतो, आणि तोही धातूच्या आट्यांनाच. प्लॅस्टिकला लागला तर भेगा पडतात.

एअरबॅगबद्दल तुम्ही एक वाक्य लिहिलंत, मी लेखात सहा परिच्छेद लिहिले होते. चाकं सरळ ठेवा, एम२ची बॅटरी डिकीत आहे, तिची निगेटिव्ह तार काढा, दहा मिनिटं थांबा, उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. चाकाच्या पाठीमागच्या भोकांतून स्प्रिंग दाबून एअरबॅग सोडवा, कनेक्टर काढा आणि एअरबॅग उशीची बाजू वर करूनच ठेवा. तिच्या टोकांना मल्टिमीटर कधीच लावू नका. ती परत जोडेपर्यंत इग्निशन चालू करू नका, नाहीतर एसआरएसचा, म्हणजे एअरबॅग यंत्रणेच्या दोषाचा, दिवा लागेल आणि दोष स्कॅनरने पुसावा लागेल. ज्याचा यावर हात बसलेला नाही त्याने हे काम जाणकाराकडे द्यावं, हेही तिथे ठळक अक्षरात होतं. यात बेजबाबदारपणा नेमका कुठे, ते तुम्ही सांगितलेलं नाही.

वॉरंटीचं गाडीच्या सेवा केंद्राला विचारा. तो प्रश्न पॅडलच्या बनावटीचा नाही.

तुमच्या स्वतःच्या गाडीवर चिकटवलेली पॅडल असतील, आणि तुमच्या खात्रीवरून तसं वाटतं, तर आज टॉर्च घेऊन कडा पाहा. कड आणि पात्यामध्ये नख शिरत असेल तर ती पट्टी काढा. हेअर ड्रायरने कोमट करा आणि मासेमारीची बारीक नायलॉनची दोरी करवतीसारखी पुढे-मागे ओढा. पेचकस घालून उचकटलं तर मूळ पातं खुंटीपाशी तडकतं. मग उरलेला टेप बोटाने गोळा करून काढा आणि अल्कोहोलने पुसा. पट्टी परत लावताना डावीकडचा इंडिकेटरचा दांडा वर, खाली आणि डिपरसाठी स्वतःकडे ओढून पाहा, उजवीकडे वायपरचाही. सगळ्या जागांवर दांडा आणि पट्टीमध्ये बोटाची जाडी मोकळी राहिली पाहिजे. मग चाक दोन्ही टोकांपर्यंत वळवा, कारण लांब पट्टीवर तळवा घसरून नकळत गिअर बदलतो तो पार्किंगमध्येच.