‘रेडियम लावलं की झालं’ म्हणणाऱ्यांना

ऊसतोड सुरू झाली की आपल्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. माजलगावपासून औशापर्यंत ओळखीच्या किती जणांनी तो मला पाठवलाय. त्यात म्हटलंय ते असं: ट्रॉलीच्या वायरिंगवर पैसे घालू नका, मागं रेडियम (उजेड पडला की चमकणारी पट्टी) चिकटवा, तेवढं बस झालं. वायरिंगनं बॅटरी उतरते. करायचीच असेल तर चार वायरी पुरतात, त्या ट्रॅक्टरच्या नाहीतर पिकअपच्या टेल लाइटला जोडून टाका. फ्यूज गेला तर मोठा बसवा. अर्थची वायर (करंट बॅटरीकडं परत नेणारी) ओढत बसू नका, हूकमधून अर्थ मिळतोच.

यातलं ‘रेडियम चिकटवा’ एवढंच खरं आहे. बाकीच्या सल्ल्यावर कुणी चाललं तर एखाद्याचा जीव जाईल, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

रेडियम लावायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये रिफ्लेक्टर वेगळे सांगितलेत आणि दिवे वेगळे. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत रस्त्यावरच्या गाडीचे दिवे लागलेले पाहिजेत, आणि मागचा लाल दिवा लांबून दिसला पाहिजे. एक आहे म्हणून दुसरं नको, असं त्यात कुठंही नाही. कारण साधं आहे. रेडियमला स्वतःचा उजेड नसतो, मागून येणाऱ्याच्या दिव्यावर ते चमकतं. आता गेवराईकडचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. समोरून ट्रक येतोय, त्यानं डिपर दिलेला नाही, मोटारसायकलवाल्याचे डोळे दिपलेत आणि त्याचा स्वतःचा हेडलाइट पिवळट पडलाय. त्यात रेडियमवर फडातला चिखल बसलेला आणि वरून वाढं (उसाचे हिरवे शेंडे) लोंबतंय. चमकणार काय?

हिशेब करून बघा. भरलेली ट्रॉली ताशी 20 किलोमीटरनं चाललीय, मोटारसायकल 60 नं. दोघांमधलं अंतर सेकंदाला 11 मीटरनं कमी होतं. लाल दिवा 75 मीटरवरून दिसला तर त्या पोराच्या हातात पावणेसात सेकंद असतात. मळकं रेडियम 25 मीटरवर नजरेस पडलं तर सव्वादोन. शिवाय रेडियम कधीच सांगत नाही की ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक दाबलाय, किंवा तो आता कारखान्याच्या गेटकडं उजवीकडं वळणार आहे.

बॅटरी उतरते म्हणतात, त्याचा निकाल दोन आकड्यांत लागतो. मागचे दोन टेल लाइट 5-5 वॅटचे, दोन्ही मिळून एक अँपिअरसुद्धा ओढत नाहीत. इंजिन चालू असताना तो भार अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र, उचलतो. कारखान्यात ऊस उतरवायच्या गव्हाणीवर नंबर लागेपर्यंत इंजिन बंद करून दहा तास दिवे चालू ठेवले तरी आठ-साडेआठ अँपिअर-तास जातील, आणि चांगली चार्ज असलेली 75 अँपिअर-तासाची बॅटरी तेवढ्यानं बसत नाही. सकाळी सेल्फ उचलत नसेल तर आधी रात्रभर वाजलेल्या गाण्यांच्या डेककडं बघा, मग टेप गुंडाळलेल्या ओल्या जोडाकडं.

आता अर्थ. या मुद्द्यावर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण दहा ट्रॉल्यांचे दिवे बिघडलेले असले तर बहुतेकांचं दुखणं इथंच सापडतं. हूक आणि पिनमधून करंट परत येतो, हे ट्रॉली उभी असताना कधीकधी खरं असतं. पण त्या पिनला ग्रीस लागलेलं असतं, गंज असतो, आणि मुद्दाम ठेवलेली ढिलाई असते. खड्ड्यात पिन उचलली की संपर्क तुटतो. मग काय होतं ते स्वतः बघा. टेल लाइट लावा, एकाला सीटवर बसवून ब्रेक दाबायला सांगा आणि मागं उभे राहा. ब्रेक लाइट धड पेटत नाही, टेल लाइट मंदावतो आणि ज्याचा काही संबंध नाही तो इंडिकेटर मिणमिणायला लागतो. मेकॅनिककडं नेलं तर कुणी बल्ब बदलतो, कुणी इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशर. खरं म्हणजे करंटला परतीची वाट सापडत नाही, म्हणून तो दुसऱ्या बल्बच्या तारेतून वाट काढतो.

खात्री करायची तर एक लांब वायर घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला धरा, दुसरं ट्रॉलीच्या चासीवर खरवडलेल्या जागी. सगळे दिवे एकदम ठणठणीत पेटले की समजायचं, दोष अर्थचाच होता. मग ट्रॉलीच्या वायरी जिथं ट्रॅक्टरला जोडतात त्या सॉकेटच्या 3 नंबर पिनेपासून (आकडे पुढं सांगतो) अर्थची स्वतंत्र वायर प्रत्येक दिव्यापर्यंत न्या. ती बाकी वायरींपेक्षा जाड हवी, कारण सगळ्या दिव्यांचा करंट तिच्यातूनच परतणार असतो. चासीला जोडायची असेल तिथं रंग खरवडून लोखंड चकाकू द्या, वायरच्या टोकाला थिंबल (बोल्टात बसणारी धातूची कडी) दाबा, नटबोल्ट आवळा आणि वरून रंग मारा. नुसती वायर बोल्टाला गुंडाळली तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिचं तांबं हिरवं पडलेलं असेल.

वायरीच्या जाडीचंही तसंच. 21 वॅटचे दोन ब्रेक बल्ब साडेतीन अँपिअर ओढतात. अर्धा स्क्वेअर मिलिमीटरची वायर दहा मीटर नेली तर जाताना-येताना मिळून अडीच व्होल्ट वायरीतच संपतात आणि बल्बचा उजेड निम्म्यावर येतो. बाजारात स्वस्तात मिळते ती हीच वायर.

‘चार वायरी पुरतात’ हे कुठून आलं तेही सांगतो. अमेरिकेतल्या पिकअपचे व्हिडिओ आहेत, त्यात ट्रेलरला चार वायरींचा चपटा प्लग जोडतात. पांढरी अर्थ, तपकिरी टेल, पिवळी डाव्या बाजूची, हिरवी उजव्या बाजूची. तिथं हे चालतं, कारण त्या जोडणीत ब्रेकचा लाल दिवाच वळताना लुकलुकतो, म्हणजे ब्रेक आणि इंडिकेटर एकाच वायरीवर असतात. आपल्याकडं इंडिकेटर पिवळा आणि वेगळा, ब्रेक लाइट वेगळा. म्हणून निदान पाच वायरी लागतात. कुणी ब्रेकची वायर इंडिकेटरच्या वायरीत मिसळली तर ब्रेक दाबताच पुढचे इंडिकेटरही पेटतील आणि मागच्याला काहीच कळणार नाही.

आपल्याकडं सात पिनांचं सॉकेट मिळतं, त्यावर आकडे कोरलेले असतात. 1 डावा इंडिकेटर, 4 उजवा, 3 अर्थ, 5 आणि 7 टेल लाइट, 6 ब्रेक. 2 मागच्या फॉग लाइटसाठी, नसला तर रिकामी सोडा. दुकानात पाहिजे त्या रंगाची वायर मिळेलच असं नाही, म्हणून आकडा पाळा. हंगामात एकाची ट्रॉली दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला जाते. आकडे पाळले नाहीत तर डावीकडं वळताना उजवा दिवा लागतो, आणि असा दिवा नसलेलाच बरा.

टेल लाइटच्या वायरीला जोड मारून मोठा फ्यूज टाकण्याबद्दल एवढंच सांगतो की फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो. 10 च्या जागी 30 चा टाकला तर फ्यूज शाबूत राहील आणि वायर पेटेल, तीही पिकअपच्या डॅशबोर्डमागं किंवा ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीजवळ. बरोबर पद्धत अशी: टेल लाइटच्या वायरीवरून फक्त रिलेला (थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) इशारा द्यायचा, त्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. ट्रॉलीचा खरा करंट बॅटरीवरून, स्वतःच्या फ्यूजमधून, रिलेमार्गे न्यायचा. ब्रेकसाठी दुसरा रिले. नव्या पिकअपमध्ये तर हे अत्यावश्यकच, कारण त्यांच्या दिव्यांवर कंट्रोल युनिट असतं आणि मूळ वायर सोलून भार वाढवला तर ते बिघडू शकतं.

मेसेजमध्ये एका गोष्टीचा उल्लेखच नाही: ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असतात. पहिलीला दिवे लावले तरी रस्त्याला दिसते ती दुसरी. म्हणून पहिल्या ट्रॉलीच्या मागच्या बाजूला आणखी एक सॉकेट बसवा आणि पहिलीतून जाणाऱ्या वायरी निदान दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या घ्या, कारण अंतर आता दुप्पट आहे. वायर चासीच्या आतून पाइपातून न्या. दोन ट्रॉल्यांच्या मधल्या वायरीला वळणावर ताणणार नाही एवढी ढील ठेवा, पण ती रस्त्यावर घासता कामा नये. आणि मोळ्या बांधून झाल्या की मागच्या दिव्यांवर आलेलं वाढं कोयत्यानं छाटून मगच फडातून निघा.