प्रतिक्रियेला उत्तर: सगळं खापर स्ट्रेचींवर नको

नमस्कार,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा, की मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्या सरळ जर्मनला त्यांचे भाषांतरकार जेम्स स्ट्रेचींनी इंग्रजीत नेताना लॅटिन-ग्रीकचा मुलामा दिला, 'इश'चा (म्हणजे साध्या 'मी'चा) 'इगो' केला, 'एस'चा (म्हणजे 'ते'चा) 'इड' केला, आणि मी लेखात त्यांना फारच सांभाळून घेतलं. अशीच टीका करणारे मनोविश्लेषक ब्रुनो बेटलहाइम यांचा दाखलाही तुम्ही दिलाय.

पण 'इगो' आणि 'इड' स्ट्रेचींच्या आधीपासून रुळले होते. जोन रिव्हिएर यांनी 1927 साली केलेल्या फ्रॉइडच्या भाषांतराच्या नावातच ('द इगो अँड द इड') ते दोन्ही आहेत. स्ट्रेचींचे फ्रॉइड-भाषांतराचे 24 खंड निघू लागले ते 1953 पासून. शिवाय फ्रॉइडना स्वतःला लॅटिनचं कुठे वावडं होतं? 'लिबिडो' (कामप्रेरणा) त्यांच्या जर्मनमधलाच. 'कॅथेक्सिस' (एखाद्या गोष्टीत मनाची ऊर्जा गुंतणं) मात्र तुमच्या पारड्यात टाकतो. मूळ शब्द 'बेझेट्झुंग', आणि त्याच धातूचा 'बेझेट्झ्ट' (व्यापलेलं) जर्मनीत बंद संडासाच्या दारावर दिसतो, फोन व्यस्त असला तरी तोच. त्यासाठी ग्रीकमधून नवा शब्द घडवणं मलाही पचत नाही.

तरीही 'कॅथेक्सिस'ने फारसं कुणी फसलं असेल असं मला वाटत नाही. तो वाचला की माणूस थबकतो आणि कोश उघडतो. फसवतात ते ओळखीचे शब्द. स्ट्रेचींची खरी चूक काढायची तर 'ट्रीब'ला (आतून रेटणाऱ्या ओढीला) 'इन्स्टिंक्ट' म्हणण्याची काढा. फ्रॉइड 'इन्स्टिंक्ट' हा शब्द वेगळा, बहुतेक प्राण्यांच्या उपजत वागण्यासाठी ठेवत. इंग्रजीत तो फरकच पुसला गेला आणि वाचकाला शंकाही आली नाही. 2024 मध्ये स्ट्रेचींच्या खंडांची मार्क सोल्म्स यांनी सुधारलेली आवृत्ती आली, तिच्यात 'इगो' आहे तिथेच आहे. 'इन्स्टिंक्ट' जाऊन 'ड्राइव्ह' आला.

फ्रॉइडच्या बाहेर पडलात तर हे जास्तच जाणवेल. जर्मन मनोविकारतज्ज्ञ कुर्ट श्नायडर यांचा 'वानवारनेमुंग' घ्या, इंग्रजीत 'डिल्यूजनल पर्सेप्शन', शब्दशः 'भ्रमाचं संवेदन'. दोन्ही शब्द सोपे, म्हणून विद्यार्थी सर्रास समजतो की रुग्णाला भास होतो. श्नायडर यांच्या एका रुग्णाची हकिकत बघा. एका कॅथलिक मठाच्या पायऱ्यांवर कुत्रा बसलेला होता, त्याने याच्याकडे गंभीरपणे पाहिलं आणि पुढचा पाय उचलला. पुढे चाललेल्या माणसाला याने विचारलं, तुम्हालाही कुत्र्याने पाय दाखवला का? तो म्हणाला, नाही. झालं, याची खात्री पटली की हा आपल्यालाच झालेला दैवी साक्षात्कार. इथे भास कुठेच नाही! कुत्रा खरा, उचललेला पायही खरा. दिसलं ते बरोबर, त्यावर चढलेला अर्थ तेवढा आजारातला. जर्मन जोडशब्दही ही फोड करून देत नाही, पण श्नायडर ती लगेच पुढे समजावतात. इंग्रजीत नुसती संज्ञा उचलून परीक्षेच्या यादीत बसवली गेली.

मनोविकारतज्ज्ञ आणि तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्सच्या 'फेअरश्टेहेन'चं (समजणं) तेच. 'अंडरस्टँडिंग' म्हटलं की सहानुभूती वाटते. त्यांना म्हणायचं होतं, एका मनोवस्थेतून दुसरी कशी उगवली हे आतून उमगणं. अपमानातून राग आला, हे उमगतं. मेंदूतल्या गाठीमुळे स्वभाव पालटला, याचं फक्त कारण सांगता येतं.

शेवटी तुम्ही विचारलंय, मग जर्मन शब्दच का नाही ठेवले? काही ठेवले की. स्वतःचेच विचार मोठ्याने ऐकू येण्याला इंग्रजी पुस्तकं अजून 'गेडांकेनलाउटवेर्डेन' म्हणतात, आणि आपल्याकडचे मानसोपचारात एमडी करणारे विद्यार्थी तो जीभ वळवून पाठ करतात. पण यास्पर्सचा 1913 सालचा ग्रंथ इंग्रजीत आला 1963 मध्ये. मधल्या काळात हे शब्द इंग्लंडला शिकवले ते हायडेलबर्गहून 1933 मध्ये निघावं लागलेल्या विली मायर-ग्रोस यांच्यासारख्या निर्वासित डॉक्टरांनी, रुग्णाच्या खाटेशी उभं राहून. असा शिकवणारा जिथे नव्हता, तिथे जर्मन शब्द ठेवून तरी काय साधलं असतं?