एजंट दिसला की रस्ता बदलणाऱ्यांसाठी

सकाळी शाळेच्या ग्रुपवर एक रील आलं. कोट घातलेला पंचविशीतला पोरगा बोट नाचवत सांगतोय, "विमा एजंट दिसला की रस्ता बदला. तो तुमचं भलं करायला येत नाही, कमिशनसाठी येतो." खाली आमच्याच बॅचच्या लोकांचे हसून लोळणारे चेहरे. टाकणारा हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर आहे, दहावीपर्यंत माझ्याच बाकावर बसायचा. थोड्या वेळाने एकाने लिहिलं, "तुला नाही रे म्हणत, तू आपला माणूस."

रील एकवेळ सोडून दिलं असतं. हे "आपला माणूस" काही सोडवेना.

होय, मी कमिशनसाठी जातो. मास्तर पगारासाठी शाळेत जातो, डॉक्टर फीसाठी दवाखान्यात बसतो, आणि तो कोटवाला पोरगा काय समाजसेवा म्हणून रील करतो? पण कमिशन म्हणजे किती, हे एकदा ऐका. उभा जन्म इचलकरंजीत गेला माझा. माझी निम्मी गिऱ्हाइकं कबनूर, तारदाळ, शहापूर या पट्ट्यातली मागावरची माणसं. मीटरवर मजुरी, आठवड्याला पगार. सूत महागलं किंवा कापडाला उठाव नसला की माग बंद, आणि मागाबरोबर हप्ताही बंद.

त्यातल्या एक मावशी होत्या. मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायच्या. नवरा आधीच गेलेला, दोन मुलगे आणि एक लेक. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी त्यांनी मला कारखान्याच्या दारात अडवलं. मी गेलो होतो मालकाकडे, मोठ्या पॉलिसीचं बोलायला. मावशी म्हणाल्या, "पोरा, माझं दिवसकार्य कराय पोरांनी कुणाम्होरं हात पसराय नको, असला कायतरी कागद कर की." मी तोपर्यंत लोकांना मुलीचं लग्न, मुलाचं शिक्षण, म्हातारपण हेच सांगत फिरत होतो. स्वतःच्या मातीची सोय मागायला आलेलं पहिलंच माणूस.

पन्नास हजारांची साधी एन्डॉवमेंट केली, म्हणजे मुदत संपेपर्यंत जगलं तरी पैसे आणि मध्येच गेलं तरी पैसे. तेव्हा एवढी छोटी मिळायची. वय झालेलं, त्यामुळे तिमाहीला हजाराच्या आसपास हप्ता. आता हिशेब करा. पहिल्या वर्षी कमिशन बरं असतं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात टक्के, चौथ्या वर्षापासून पाच टक्के. हजाराचे पाच टक्के पन्नास रुपये. तीन महिन्यांतून एकदा पन्नास रुपये! त्यासाठी कबनूरला जायचं, मावशींनी म्हणायचं "आज न्हाई, शनवारी ये", शनिवारी परत जायचं, नोटा मोजून घ्यायच्या, ब्रँचला भरायच्या, पावती परत नेऊन द्यायची. पावती त्यांना हातात लागायची, मोबाईलवरची नको. पेट्रोलचा भाव तुम्हाला माहीत आहे.

आणि ही माझी लूट.

आता ग्रुपवरचे विद्वान म्हणतील, टर्म घ्यायची, म्हणजे मेलं तरच पैसे देणारा स्वस्त विमा, आणि उरलेले पैसे एसआयपीत, म्हणजे दरमहा म्युच्युअल फंडात टाकायचे. बरोबर आहे. हिंजवडीत बसणाऱ्याने तेच करावं, मी स्वतः माझ्या भाच्याला टर्मच घ्यायला लावली. एन्डॉवमेंटमध्ये परतावा पाच-सहा टक्क्यांच्या वर जात नाही, हेही मान्य. पण आठवड्याला रोखीने मजुरी घेणाऱ्या माणसाकडे बहुतेक टर्म प्लॅन उत्पन्नाचा पुरावा मागतात. पगाराची स्लिप आणायची कुठून? रिटर्न कुणी भरलंय? आणि पन्नाशी ओलांडलेल्या कांडीवाल्या बाईला कोणता कोटवाला टर्म देणार होता, तेवढं सांगा. एसआयपीचं तर बोलूच नका. घरात दोन हजार शिल्लक दिसले की थोरला येऊन घेऊन जायचा. मावशींचे पैसे टिकले ते केवळ त्याला काढता येत नव्हते म्हणून.

नॉमिनी कोण लावायचा, हे त्यांनी फॉर्म भरतानाच ठरवलं होतं. मी सवयीने थोरल्या मुलाचं नाव लिहायला लागलो तर पेनावर हात ठेवला. "लेकीचं लिव्ह. पोरं उडीवत्यात." लेक सांगलीकडे दिलेली. मी म्हटलं, भाऊ भांडतील. म्हणाल्या, "मी मेल्यावर भांडू देत, मला काय ऐकाय येतंय?" आम्ही दोघंही मोठ्याने हसलो.

आता चोर एजंटांविषयीही बोलतो, नाहीतर म्हणाल आपल्याच धंद्याची बाजू घेतो. आहेत चोर. प्रपोजल फॉर्मवर शुगर, बीपी, ऑपरेशन, सगळ्या रकान्यांत डोळे झाकून "नाही" लिहिणारे आहेत. गिऱ्हाईकही खूश, डॉक्टरची भानगड नको. तीन वर्षं उलटून गेली तर विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे कंपनीला पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. पण माणूस दुसऱ्या वर्षीच गेला, तर जुने केसपेपर बाहेर निघतात आणि बायको-पोरं हात हलवत परत जातात. असल्या एजंटाला चौकात उभा करून विचारलं पाहिजे. आणि बँकेच्या काचेमागे बसून एफडी करायला आलेल्या पेन्शनर आजोबांना दहा वर्षांची पॉलिसी चिकटवणारे? त्यांच्यावर रील कुणी करत नाही, कारण ते टाय लावून एसीत बसतात. शिव्या खायला स्कूटरवाला आहेच.

गिऱ्हाइकांचंही सांगू का? ज्याने रील टाकलं त्याने काही वर्षांपूर्वी माझ्याकडून पॉलिसी घेतली, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, टॅक्स वाचवायला. पहिला प्रश्न काय होता? "पहिल्या हप्त्यातले किती परत देणार?" भावा, कमिशनमधून गिऱ्हाइकाला पैसे परत देणं कलम ४१ खाली गुन्हा आहे, दहा लाखांपर्यंत दंड आहे. हे मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं. त्यावर म्हणाला, "सगळे देतात." मावशींनी एवढ्या वर्षांत एक रुपया कमी घे असं कधी म्हटलं नाही. उलट दिवाळीला चकलीची पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवून द्यायच्या.

असो. जरा शांत होतो. चहा घेऊन आलो.

खरं सांगायचं तर राग त्या पोरावर नाहीच. त्याला हा धंदा आतून माहीत नाही. राग याचा आहे की मावशींसारख्या माणसांची पॉलिसी विकणं आता कुणालाच परवडत नाही, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सरेंडरचे नवे नियम आले. एक वर्षाचा हप्ता भरून पॉलिसी सोडली तरी थोडेफार पैसे परत मिळतात. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने चांगलंच झालं, नाही म्हणत नाही. पण त्याची भरपाई कुठून झाली? पहिल्या वर्षाचं कमिशन खाली आलं. जी साधी एन्डॉवमेंट एक लाखापासून मिळायची ती दोन लाखांपासून सुरू झाली, आणि पंचावन्नपर्यंत मिळायची ती पन्नाशीला थांबली. म्हणजे तशीच बाई आज मला कारखान्याच्या दारात भेटली, तर मला मान हलवून पुढे जावं लागेल. नवी पोरं एजंट होण्यासाठीची आयसी-३८ ची परीक्षा पास होतात, वर्षभर नातेवाईक संपवतात आणि मग गाडीच्या विम्याकडे नाहीतर म्युच्युअल फंडाकडे वळतात. शहाणी आहेत. मोठ्या पॉलिसीच्या जिवावर छोटी पॉलिसी चालते, आणि मोठ्या पॉलिसीवाल्याला आता रस्ता बदलायला सांगताहेत. वर नव्या कर प्रणालीत विम्याच्या हप्त्यावरची ८०सीची सवलत नाही, त्यामुळे मार्चची झुंबडही संपली.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. तो सांगत होता की तिकडे म्हाताऱ्या माणसांसाठी हा वेगळा धंदाच आहे, फायनल एक्स्पेन्स म्हणतात. पाच-दहा-पंचवीस हजार डॉलरची छोटी पॉलिसी, बहुधा मेडिकल नाही, पन्नाशीपासून पार ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत मिळते. एजंट घरोघरी जाऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून विकतात. तिथे एका अंत्यसंस्काराला सात-आठ हजार डॉलर सहज जातात म्हणे. त्यांच्यातही लबाड आहेत. काही पॉलिसींत पहिली दोन वर्षं आजाराने मेलं तर पूर्ण रक्कम मिळत नाही, फक्त भरलेले हप्ते थोड्या व्याजाने परत, आणि हे सांगताना एजंटाचा आवाज बारीक होतो. तरी निदान म्हातारीकडे जाणारं कुणीतरी तिथे आहे.

कुणी म्हणेल, आपल्याकडे कुठे एवढा खर्च येतो? अंत्यसंस्काराला येत नाही, खरं आहे. कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानात महापालिका फुकट करते, शेणी लोक दान देतात, अभिमानाची गोष्ट आहे. पण खर्च त्याच्या आधी आणि नंतर असतो. आधी दवाखान्याचं बिल, मग घरी आणायची गाडी, मग रक्षाविसर्जन, मग उत्तरकार्याचं जेवण, आलेल्या सोयऱ्यांचा मान. जेवण घालू नका म्हणणारे सुधारक माझ्या यादीत बरेच आहेत, त्यांनी ते कबनूरच्या गल्लीत उभं राहून बोलून दाखवावं. घरात दोन आठवडे मजुरी नसते आणि त्याच दोन आठवड्यांत व्याजाने पैसे काढले जातात. ते कर्ज किती वर्षं फिटत नाही, हे मी हप्ता गोळा करायला गेलो की दारातच ऐकतो.

मावशी गेल्या ऐन उन्हाळ्यात. दवाखान्यात काही दिवस काढले, मग घरी आणलं. धाकट्याचा फोन पहाटे आला. मी घाटावर गेलो. लोक बघत होते, हा इथे कशाला? एजंट मयताला गेला की लोकांना वाटतं क्लेमचा वास आला. येऊ दे वाटायचं तर. पॉलिसीचा बॉन्ड कुठे ठेवलाय हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, मला होतं. ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत. दर दिवाळीला तो बाहेर काढून मला दाखवायच्या आणि विचारायच्या, "ह्यावरचं नाव पुसट तर झालं न्हाई न्हवं?"

मृत्यूचा दाखला, क्लेमचा फॉर्म, लेकीचं पासबुक, आधार. पासबुकावर लग्नानंतरचं नाव, आधारवर माहेरचं. त्या एका गोष्टीसाठी तिला सांगलीहून परत परत यावं लागलं. थोरला मध्ये एकदा माझ्या घरी येऊन तमाशा करून गेला, म्हणे तू बहिणीला फितूर आहेस. बोनस धरून सत्तर हजारांच्या आसपास रक्कम लेकीच्या खात्यात आली. उत्तरकार्यासाठी तिने तोवर गळ्यातलं गहाण ठेवलं होतं. आधी ते सोडवलं, मग दवाखान्याची उधारी फेडली. उरलेल्यातून धाकट्या भावाच्या पोरीची फी भरली आणि थोरल्याला काही दिलं नाही. म्हणजे पैसे वेळेत पोहोचले असं मी म्हणणार नाही. विमा दहाव्या दिवशी मिळत नाही. पण ते गहाणवट कुठल्या भरवशावर ठेवलं होतं, हे तिला माहीत होतं आणि सोनारालाही.

या सगळ्यात मला काय मिळालं? डेथ क्लेमला एजंटाला कमिशन नसतं. शून्य. आणि पॉलिसी संपली, म्हणजे ते तिमाहीचे पन्नास रुपयेही गेले.

आता कुणीतरी पंतप्रधान जीवन ज्योतीचं नाव काढणारच, म्हणून मीच काढतो. वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाख. १८ ते ५० वयात घेता येते, ५५ पर्यंत चालते. माझ्या कुठल्याही पॉलिसीपेक्षा स्वस्त. मला त्यात दमडी मिळत नाही, तरी मागावरच्या प्रत्येकाला मी ती आधी घ्यायला सांगतो, विचारा कुणालाही. पण मे अखेरीस खात्यात ४३६ रुपये नसले की कापून जात नाहीत आणि विमा गुपचूप संपतो. कुणी "शनिवारी येतो" म्हणत दारात येत नाही. घरच्यांना तर पुष्कळदा माहीतच नसतं की असा विमा होता. मग कोण जाणार बँकेत फॉर्म मागायला?

त्यामुळे भांडण बाजूला ठेवून एक काम करा. आई-वडिलांच्या नावावर, किंवा घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या नावावर काय काय आहे ते या आठवड्यात विचारा. बॉन्ड कुठे आहे ते बघा. नॉमिनी हयात आहे का बघा, कितीतरी पॉलिसींवर अजून वारलेल्या नवऱ्याचंच नाव आहे. नॉमिनीचं बँकेतलं आणि आधारवरचं नाव एकच आहे का तेही बघा. जीवन ज्योती असेल तर मे महिन्याच्या मध्यावरच खात्यात पैसे टाकून ठेवा, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

काही अडलं तर मला फोन करा. पॉलिसी कुणाकडून घेतली, कुठल्या कंपनीची, मी विचारणार नाही. दुपारी दोन ते चार ब्रँचमध्ये असतो, तिथे रेंज नसते. तेवढा वेळ सोडून कधीही.