कोश्यारी समिती आणि ओआरओपीचा तो मेसेज, जरा थांबा

माजी सैनिकांच्या ग्रुप्सवर ओआरओपीबद्दल (वन रँक वन पेन्शन, म्हणजे समान हुद्दा आणि समान सेवेला समान पेन्शन, निवृत्ती कधीही झालेली असो) मेसेज फिरतोय, 'कोश्यारींनी ओआरओपीचा कायदा केला, आता पेन्शन दरवर्षी आपोआप वाढणार, वीरपत्नींनी फॉर्म भरून पाठवा'. सोमवारी मीही तो पुढे पाठवला होता. चूक झाली, माफ करा.

खरं असं आहे. आपले माजी राज्यपाल भगतसिंह कोश्यारी राज्यसभेत होते तेव्हा याचिका समितीचे अध्यक्ष होते, आणि डिसेंबर 2011 च्या अहवालात त्यांच्या समितीने वन रँक वन पेन्शन द्याच असं स्पष्ट सांगितलं, पुढची वाढ जुन्या पेन्शनरांना आपोआप मिळावी हेही त्यातच आहे. मोठं काम होतं ते, पण ती शिफारस होती, कायदा नाही. सरकारचा आदेश निघाला 7 नोव्हेंबर 2015 ला, लागू 1 जुलै 2014 पासून, आणि त्यात फेरआढावा दर 5 वर्षांनी आहे. सुप्रीम कोर्टानेही मार्च 2022 मध्ये तो ग्राह्य धरला. अहवाल आणि आदेश दोन्ही काढून वाचले मी काल.

शेजारच्या काकू, हवालदाराच्या पत्नी, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) आणि आधारची झेरॉक्स पिशवीत घालून कुरियरला निघाल्या होत्या हो, जिन्यात गाठलं म्हणून बरं. असे कागद अनोळखी पत्त्यावर अजिबात पाठवू नका, शंका असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा.

तो मेसेज प्लीज डिलीट करा, आणि ज्यांना पाठवलाय त्यांना हा पाठवा.