धार चांगली आहे, म्हणून इंजिन थंड आहे?

जुन्या आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेल्या, इंजिनांच्या कूलिंगबद्दल एक संदेश बोटवाल्यांमध्ये सारखा फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मागून पडणारी पाण्याची धार जोरात असेल तर इंजिन थंडच आहे, धार मंदावली तर इंपेलर (पंपातलं पात्यांचं चाक) बदला, तरीही तापलं तर थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापलं की उघडणारी झडप) काढून टाका, वर्षातून एकदा आतून ॲसिड फिरवा, आणि धार थांबली की इंजिन लगेच बंद करा. यातलं शेवटचं खरं, दुसरं अर्धं खरं. उरलेल्या तिन्हींवर विसंबून चांगली इंजिनं भंगारात गेली आहेत.

धारेचा दावा सगळ्यात वाईट, कारण तो माणसाला निर्धास्त करतो. पाणी गिअर हाउसिंगवरच्या, म्हणजे पाण्यात बुडालेल्या खालच्या भागावरच्या, जाळीतून आत येतं, पंखा फिरवणाऱ्या उभ्या दांड्यावरचा (ड्राइव्ह शाफ्ट) रबरी इंपेलर ते उभ्या नळीतून वर ढकलतो, मग ते एक्झॉस्टच्या कव्हरला, सिलिंडरना आणि हेडला (सिलिंडरवरच्या झाकणाला) वळसा घालून थर्मोस्टॅटमधून बाहेर पडतं आणि एक्झॉस्टबरोबर खाली जातं. आपल्याला दिसते ती धार म्हणजे या प्रवाहाची एक बारीक फांदी. बऱ्याच इंजिनांत ती पाणी ब्लॉकमध्ये शिरल्याबरोबर फुटते, हेडच्या बरीच अलीकडे. तळमजल्याच्या नळाला पाणी आलं म्हणून चौथ्या मजल्यावरही आलं, असं कुणी धरत नाही; इथे मात्र नेमकं तेच धरलं जातं. धार पंपाबद्दल सांगते. हेडमध्ये मिठाचा थर साचलाय का, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय का, हे तिला ठाऊकच नसतं.

उलटही होतं. धार क्षीण आणि इंजिन ठणठणीत थंड. अशा वेळी पंप उघडण्याआधी धार पडते ती तोटी पाहावी. मीठ, गाळ, आणि बोट बरेच दिवस उभी असेल तर कुंभारमाशीचं मातीचं घर, असं काहीही तिथे सापडतं. नळी काढून बारीक तार किंवा मासेमारीची जाड दोरी फिरवली की काम भागतं.

मग कळायचं कसं? तापमान मोजून. इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅटजवळ आणि प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर आकडा घ्या. रंग दिलेल्या भागावरच मोजा. चकचकीत उघडा धातू असतो त्यापेक्षा थंड दाखवतो. सगळे सिलिंडर सारखे तापलेले असतील तर दोष समाईक आहे: पंप, नळी, थर्मोस्टॅट. एकच वेगळा तापत असेल तर पंपाच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्याच्या भोवतीचा मार्ग तुंबलाय, हेड गॅस्केट गेलंय, किंवा कार्बोरेटरमधून त्या सिलिंडरला पेट्रोल कमी मिळतंय. ही शेवटची शक्यता लोक विसरतात. प्रत्येक तापण्यामागे पाणीच नसतं. स्पार्क प्लगही काढून बघा. बाकीचे काळपट आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत असल्याचा दाट संशय घ्यावा.

इंजिन कधी तापतं, यावरूनही बरंच उलगडतं. मंद वेगात तापून वेग घेतल्यावर निवत असेल तर थर्मोस्टॅट किंवा झिजलेला इंपेलर. फक्त वेगात तापत असेल तर जाळीतला कचरा, तुंबलेली नळी, किंवा इंजिन इतकं वर बसवलेलं की जाळी पाण्याऐवजी फेस ओढते.

इंपेलर बदला, हे ठीक. पण नुसता इंपेलर बदलणं म्हणजे अर्धं काम. कमी वेगात त्याची पाती पंपाच्या घराच्या (इंपेलर बसतो त्या डबीच्या) भिंतीला घासून पाणी ढकलतात, म्हणून ती भिंत आणि खालची प्लेट गुळगुळीत हवी. त्यांवर चरे असतील तर नवा रबरही गळका पंपच देणार. जुन्याचं एखादं पातं तुटलेलं असेल तर तो तुकडा सापडेपर्यंत शोध सोडू नका. तो वर जाऊन कुठल्यातरी वळणावर बसलेला असतो. उभ्या नळीच्या टोकाचा रबरी सीलही त्याच वेळी बदलावा. घर चढवताना शाफ्ट त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवत चढवा, म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात.

एक फसवी चाचणी इथेच सांगतो. जाळीवर रबरी वाट्या लावून नळाचं पाणी सोडायचं, धार दिसली की पंप पास. नळाच्या स्वतःच्या दाबानेच पाणी वर चढू शकतं, त्यामुळे मरतुकडा पंपही तिथे उत्तीर्ण होतो. खालचा भाग मोठ्या पिंपात बुडवून किंवा सरळ पाण्यात उतरवूनच बघावं.

थर्मोस्टॅट काढायचा सल्ला मोटारगाडीच्या गॅरेजमधून आलेला असावा. तिथेही तो वाईटच. आउटबोर्डचा थर्मोस्टॅट साधारण ५० ते ६२ अंश सेल्सिअसला उघडतो, गाडीच्या बराच आधी. खारं पाणी जास्त तापलं की क्षार धातूवर धरतात, म्हणून ही मर्यादा मुद्दाम खाली ठेवलेली असते. तो काढला की मंद वेगात इंजिन गारठतं, पेट्रोल नीट जळत नाही, प्लग काळे पडतात, फोर स्ट्रोकमध्ये न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. टू स्ट्रोकला एकदम पूर्ण वेग दिला तर पिस्टन पटकन फुगतो, गार सिलिंडर तितका फुगत नाही आणि दोघं एकमेकांना धरतात. तपासणी सोपी आहे: थर्मोस्टॅट दोऱ्याने पाण्यात लोंबता सोडा, भांड्याच्या तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि पाणी तापवा. ठरलेल्या अंशाला उघडला नाही तर नवा घाला.

ॲसिडबद्दल फार बोलायचं कारण नाही. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असतो आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड त्याला खातं. मीठ गोड्या पाण्याने विरघळतं. चुन्यासारखा थर असेल तर व्हिनेगर, तेही थोडा वेळ आणि नंतर भरपूर पाणी. वाळू आणि ॲल्युमिनियमची पांढरी गंज यांतल्या कशानेही जात नाही. त्यासाठी कव्हर उघडून खरवडावंच लागतं, आणि जुने बोल्ट तुटू शकतात हे धरूनच हात घालावा.

राहिली शेवटची सूचना. धार थांबली की बंद करा, हे बरोबर. त्यानंतर जाळीवर प्लास्टिकची पिशवी चिकटली आहे का ते बघा. बहुतेकदा तीच असते. पिशवी काढली, धार परत आली, म्हणून विषय मिटत नाही. कोरडा फिरलेला इंपेलर काही क्षणांत जळू शकतो आणि तरीही पुढे काही दिवस पाणी देत राहतो. किनाऱ्यावर आल्यावर पंप उघडून बघा.