‘अभ्यासाच्या गोळी’बद्दल खुलासा

‘परीक्षेआधी एडीएचडीची गोळी घ्या, स्मरणशक्ती वाढते, लहान मुलांनाही देतात, म्हणजे निर्धोकच’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. मी औषधशास्त्र शिकवते, म्हणून कळकळीने लिहितेय.

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता हा विकार. त्यावरच्या मिथिलफेनिडेट, अ‍ॅम्फेटामिन या औषधांनी मेंदूतलं डोपामिन हे हुरूप, लक्ष यांच्याशी निगडित रसायन वाढतं. झोप उडते, हुरूप येतो, अभ्यास छान झाल्यासारखं वाटतं. पहाटे चारला पानभर पिवळ्या रेघा मारलेल्या असतात. पण वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत, आणि तीच गेलेली असते. छातीत धडधड, वाढलेला रक्तदाब, सवय लागणं हे वेगळंच. मुलांना ही औषधं तपासून, मोजून, देखरेखीखाली देतात. मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांविषयीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारात दोन्ही औषधं नियंत्रित यादीत आहेत.

डॉक्टरांनी ज्यांना दिली आहे, त्यांनी घाबरून बंद करू नये. मेसेज मात्र पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.