मेझी सरकारने घडवलेली नाही

१९४३ च्या ‘स्विंग शिफ्ट मेझी’ या अमेरिकी विनोदपटाविषयी एक विधान हल्ली सर्रास फिरते. बायकांना विमानाच्या कारखान्यांत ओढण्यासाठी मेझी ही रंगमंचावर नाचणारी, तोंडाळ मुलगी अमेरिकी सरकारने रचून घेतली, चित्रपट निव्वळ प्रचार आहे आणि असे चित्रपट पाहूनच अमेरिकी स्त्री पहिल्यांदा कामाला बाहेर पडली, असे ते विधान.

पहिला दावा तारखांपुढेच कोसळतो. मेझीचा पहिला चित्रपट १९३९ चा, तर अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली डिसेंबर १९४१ मध्ये. एमजीएम या हॉलिवुडच्या स्टुडिओने ही भूमिका मुळात अभिनेत्री जीन हार्लोसाठी योजली होती. १९३७ मध्ये हार्लो वारल्यावर पुढे ही भूमिका अभिनेत्री ॲन सदर्नने केली आणि १९४७ पर्यंत दहा चित्रपटांत निभावली.

प्रचाराचा आरोप मात्र अगदीच हवेतला नाही. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या, अमेरिकी सरकारच्या युद्ध माहिती कार्यालयाचा चित्रपट विभाग पटकथा वाचत असे आणि ‘हा चित्रपट युद्ध जिंकायला मदत करील का?’ असे स्टुडिओंना स्वतःलाच विचारायला सांगत असे. परंतु या विभागाला आदेश देण्याचा अधिकार नव्हता, आणि १९४३ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, त्याच्या देशांतर्गत कामाचा निधी जवळपास आटवला. शिवाय कथाच पाहावी. कुत्र्यांच्या खेळात मदतनीस असलेली मेझी कारखान्यात लागते, एका निराश मुलीला आधार देते, आणि तीच मुलगी मेझीला आवडलेला वैमानिक पटकावून वर मेझीवरच घातपाताचा खोटा आळ घेते. घातपाती शोधण्याची युद्धकालीन धास्ती सवतीमत्सराच्या कामी लावणे, हे निव्वळ प्रचार करू पाहणाऱ्याला सुचेल असे मला तरी वाटत नाही. ओव्हरऑलमधल्या कामगार स्त्रीचे कौतुक त्यात आहेच, पण हुकमी हशा आणि प्रेमाचा त्रिकोण ही या मालिकेची जुनीच भट्टी होती.

तिसरा दावा सर्वांत चुकीचा आहे. १९४० मध्येच सुमारे सव्वा कोटी अमेरिकी स्त्रिया श्रमबाजारात होत्या. युद्धाने त्यांत काही लाखांची नव्हे, साठेक लाखांची भर घातली, हे खरे. तथापि युद्धकारखान्यांत आलेल्या अनेकजणी स्वयंपाकघर सोडून नव्हे, तर धुलाईघरे, उपाहारगृहे आणि परक्या घरची धुणीभांडी सोडून, जास्त पगारासाठी आल्या होत्या. पहिल्या चित्रपटापासून मिळेल त्या कामावर पोट भरणारी मेझी याच बायकांच्या जातकुळीची आहे.